डोंगराकडची यष्टी

इटलीला जायच्या आदल्या आठवड्यात आमच्या दूध संघाच्या सचिवांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, या लोकांतला एक जण परत यायचा नाही, असं मला वाटतंय."

मी विचारलं, "कोण?"

"ते कळलं असतं तर त्याला नेलंच नसतं की."

दोन हजार साल उलटून नुकतंच एखाददुसरं वर्ष झालं असेल. कोल्हापूरच्या शाहूपुरीत इंजिनाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. संघ छोटा होता, आता तो उरलेलाही नाही. माझं काम गावोगावच्या महिला दूध संस्थांवर फिरण्याचं. धारेआधी कास कशी धुवायची, वासराला किती पाजायचं, वैरण कशी साठवायची, हे मी अशा बायकांना सांगत असे की ज्यांचे हात माझ्या जन्माआधीपासून धारा काढत होते. त्या ऐकून घ्यायच्या आणि चहा द्यायच्या.

त्या काळात शेतकऱ्यांच्या परदेश दौऱ्यांचं पेव फुटलं होतं. शेती बघायला, गोठे बघायला म्हणून लोक जायचे, आणि जाताना जितके असायचे तितके परत यायचे नाहीत. कागलकडच्या एका दौऱ्यातली दोन पोरं साबण आणायला म्हणून हॉटेलातून बाहेर पडली ती पुन्हा दिसलीच नाहीत, असं जो तो सांगत होता. आमचा दौरा म्हशींचा होता. इटलीत रोमच्या खालच्या अंगाला म्हशी पाळतात आणि त्यांच्या दुधाचं पांढरं मऊ चीज करतात, ते बघायला आम्ही चाललो होतो.

"तिथं उतरल्या उतरल्या सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करा आणि स्वतःजवळ ठेवा," सचिव म्हणाले. "आणि एक ध्यानात असू द्या. कुणी पळालं तर पहिलं नाव तुमचं येणार."

माझंच का, ते त्यांनी सांगितलं नाही. दौऱ्याचे प्रमुख म्हणून संघाचे एक वयस्कर संचालक येणार होते, त्यांचं नाव पहिलं यायला हवं होतं. पण आमचं घर बौद्ध, आणि आडनाव ऐकलं की लोकांना कळायचं ते कळतं. सचिवांच्या मनात तसं काही होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र त्या केबिनमधून बाहेर पडले ती प्रत्येकाकडे संशयानं बघतच.

दौऱ्यात बायका आम्ही दोघीच. मी आणि राधानगरीकडच्या एका महिला संस्थेच्या चेअरमन. पन्नाशीच्या, काटक, नऊवारी नेसणाऱ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांना सगळे मावशी म्हणत. गाडीत बसल्यापासून त्यांच्या मांडीवर एक भलीमोठी रेक्झिनची पिशवी होती. मुंबईच्या विमानतळावर मी ती घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ती दुसऱ्या काखेत घेतली.

"ऱ्हाऊ द्या मॅडम. मला सवं हाय."

"काय आहे एवढं जड?"

"बायकांच्या पिशवीत काय असतंय? हाय काय-बाय."

आम्ही उतरलो ते एका बाजारपेठेच्या गावात. त्याचं नाव कुणा प्रवाशाला ठाऊक असायचं कारण नाही. सपाट माळ, माळावर दोरी लावून आखल्यासारखे रस्ते, रस्त्याकडेनं पाण्याचे कालवे आणि निलगिरीच्या रांगाच रांगा. एका अंगाला लांबवर समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि डोंगराच्या कड्यांवर घारीनं घरटं बांधावं तशी चिकटलेली दगडी गावं. गावातला चौक आमच्या कागलच्या बाजारचौकापेक्षा मोठा नव्हता. मधे कारंजं, एका बाजूला चर्च, बाकांवर टोप्या घातलेले म्हातारे. दुपारी सगळी दुकानं बंद व्हायची आणि खिडक्यांच्या हिरव्या झडपांच्या फटीतून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटत राहायचं. ते नुसतं वाटणं नव्हतं. मी एकदा हात हलवला तर वरची झडप खाडकन बंद झाली.

मला आणि मावशींना एक खोली होती. पहिल्या संध्याकाळी मी घरून आणलेला चिवडा काढला आणि पुढे केला. मावशी म्हणाल्या, "माजा उपास हाय." दुसऱ्या दिवशी मी लाडू दिला, तर त्यांचं पोट दुखत होतं. त्यांच्या पिशवीतून मात्र लसणीच्या चटणीचा वास खोलीभर सुटलेला. ती उघडून त्यांनी मला बोटभर चटणीसुद्धा दिली नाही, आणि स्वतःही खाल्ली नाही. जेवणात बिनमिठाचा पाव आणि उकडलेला पाला आला, की आमच्या गटातले पुरुष आपापली लोणची काढायचे. मावशी मुकाट्यानं पाव चावत बसायच्या.

हे मला सवयीचं होतं. गावोगाव फिरताना माझ्यासाठी वेगळा काढलेला कप मला लांबून ओळखता यायचा. मी मनाशी ठरवून टाकलं, मावशीही त्यातल्याच. आणि एकदा तसं ठरवल्यावर त्यांचं सगळंच वागणं मला खटकायला लागलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मॅडम, माजं पुस्तक माज्याजवळ द्या की."

"कुठलं पुस्तक?"

"त्ये विमानाचं. फोटूचं."

"पासपोर्ट माझ्याजवळच राहणार मावशी. सगळ्यांचेच आहेत."

"व्हय, पर वाटंत कुणी इचारलं तर?"

"कुठल्या वाटेत? आपण सगळे एकत्रच असणार की."

मी त्या दिवसापासून पासपोर्टांची पिशवी गळ्यात घालून झोपायला लागले.

मग गोठा बघायला गेलो. सिमेंटचा लांबच लांब गोठा, काळ्याभोर म्हशी, पाण्याच्या हौदात डुंबणाऱ्या. आमचे पुरुष हरखून गेले. कोल्हापुरात म्हशीची शिंगं रंगवून मिरवणारी ही माणसं, प्रत्येक म्हशीला हात लावून बघत होती आणि ही आपल्या म्हशीपेक्षा कुठं कमी आहे ते एकमेकांना सांगत होती. चीज करण्याच्या खोलीत बायका कढत पाण्यात हात घालून नासवलेल्या दुधाचा गोळा कणकेसारखा ताणत होत्या. दुभाष्या मुलीचं इंग्रजी मी मराठीत सांगत होते. सांगता सांगता मागे बघितलं तर मावशी नाहीत.

त्या गोठ्याच्या मागच्या बाजूला होत्या. शेण ओढणाऱ्या एका पगडीवाल्या माणसाशी हळू आवाजात बोलत होत्या. त्या भागात पंजाबी माणसं पुष्कळ. सकाळी सायकलींवरून रांगेनं शेतांवर जाताना दिसायची. मावशींना हिंदी जेमतेम यायचं, पण तो माणूस मान हलवत होता आणि डोंगराकडे बोट दाखवत होता. मला बघताच त्यानं फावडं उचललं.

"काय विचारत होता मावशी?"

"म्हशीचं. किती दूद देत्यात म्हून."

"मग तो डोंगर का दाखवत होता?"

"तिकडंबी म्हशी असतील की." आणि त्या माझ्यापुढे चालू लागल्या.

संध्याकाळी मी संचालकसाहेबांना सांगितलं. ते धोतर-टोपीतले, चौकातल्या बाकावर तिथल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी बसलेले. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला ते म्हातारे, भाषा कुणालाच कुणाची नाही, पण सगळे सारखेच दिसत होते.

"ही बाई?" ते म्हणाले. "पन्नाशीची बाई पळून काय करणार हितं?"

"तेच मला कळत नाही. पण काहीतरी आहे."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "तुम्ही तिच्यावर नजर ठेवा," ते म्हणाले, आणि मला उगीचच वाटून गेलं की माझ्यावर नजर ठेवायला त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी सांगितलेलं असणार.

आठवड्याचा बाजार भरला तो दिवस आम्हाला मोकळा होता. भल्या सकाळी चौकात गाड्या लागल्या, त्यांची एकेक बाजू वर उचलली आणि दुकानं तयार झाली. अख्खं भाजलेलं डुक्कर कापून देणारा माणूस, चीजचे दगडासारखे गोळे, आर्टिचोक नावाच्या काटेरी कळ्यांच्या भाजीचे ढीग, चपला, छत्र्या, आतले कपडे, कोंबडीची जिवंत पिल्लं. आरडाओरडा तर आपल्याकडच्यासारखाच. मी साडीत आणि मावशी नऊवारीत, त्यामुळे आम्ही जिकडे जाऊ तिकडे बोलणं थांबायचं. एका दुकानदारानं आम्ही पुढच्या गाडीकडे जाईपर्यंत आपल्या मालावरचा हात काढला नाही. एका म्हातारीनं मावशींच्या पदराचं टोक चिमटीत धरलं, चुरगाळून बघितलं आणि शेजारणीला काहीतरी सांगितलं. मावशींनीही तिच्या स्वेटरची बाही तशीच चिमटीत धरून बघितली. दोघी हसल्या नाहीत, पण दोघींनी माना डोलावल्या.

मी मफलर बघायला वाकले असेन. मान वर केली आणि मावशी दिसेनात. सकाळी बाजाराला निघतानाही त्यांनी ती पिशवी बरोबर घेतली होती, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

मी गाड्यांच्या रांगा पालथ्या घातल्या. चर्चमध्ये डोकावले. चर्चमागच्या गल्लीतून बाहेर पडले तर समोर बसथांबा, आणि निळ्या बसच्या पायरीवर हिरवं नऊवारी पातळ चढत होतं. मी धावत सुटले. ड्रायव्हरनं दार बंद करता करता उघडलं, मी आत पडलेच. बस निघाली. मावशी खिडकीशी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"कुठं चाललात?"

त्यांनी बघितलं, पण दचकल्या नाहीत. "बस की," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाल्या.

"मावशी, खरं सांगा. नाहीतर मी ड्रायव्हरला बस थांबवायला सांगते."

"कशात सांगशील? भाषा येती त्याची?"

ती काही येत नव्हती. मी त्यांच्याशेजारी बसले. बस माळ सोडून डोंगराच्या वळणांना लागली. थोड्या वेळानं त्या खिडकीबाहेर बघतच बोलायला लागल्या.

"पोरगं हाय माजं हितं. धाकटं. दोन वर्सं झाली. असंच एका दौऱ्यात आलतं, ते ऱ्हायलं. पयलं सा म्हैनं फोन करायचं. मग बंद. गावात कोण म्हनतंय तुरुंगात हाय, कोण म्हनतंय मेलं. आमच्या शेजारच्या गावचा एक जन हितं हाय, त्यानं सांगितलं, तुमचं पोरगं म्हशीच्या गोठ्यावर हाय, डोंगरावर गाव हाय, चर्चला दोन मनोरं हाईत. गावाचं नाव त्यालाबी नीट सांगता येईना. मग संघाचा दौरा म्हशी बघायला हिकडंच येनार म्हून कळलं. घरच्या म्हाताऱ्याशी भांडून नाव घातलं."

मी विचारलं, "त्या पिशवीत?"

"चटनी, गूळ, सांडगं. त्याला आवडनारं सगळं. वाटंत संपलं असतं की, म्हून कुनालाच दिलं न्हाय."

"मला वाटलं, माझ्या हातचं नको म्हणून तुम्ही..."

मावशी माझ्याकडे वळल्या. "पयल्या दिशी मनात आलं हुतं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? मग वाटलं, आता तुजं खाल्लं तर माजं तुला द्यावं लागंल. आन् पिशवी उघडली तर तू इचारणार."

राग यायला हवा होता, तो आलाही, पण त्याचं करायचं काय ते त्या वळणावळणाच्या रस्त्यावर कळेना. आणि मनातला संशय अजून गेलाच नव्हता. मुलगा आहे, हे मी कशावरून खरं धरायचं? आणि असला, तरी आई मुलापाशी राहणार नाही हे कशावरून?

पहिल्या गावात उतरलो. चढाच्या अरुंद गल्ल्या, पायऱ्याच पायऱ्या, खिडक्यांत वाळत घातलेले कपडे. चर्चला मनोरा एकच. मावशी वर बघून म्हणाल्या, "ह्ये न्हवं." गल्लीत एक बाई झाडत होती. आम्हाला बघून तिनं आत जाऊन कडी लावली. एक कुत्रं आमच्यामागे शेवटच्या घरापर्यंत भुंकत आलं. तिथून पुढचं गाव डोंगराच्या सोंडेवर दिसत होतं, आणि त्यावर दोन मनोरे.

आम्ही चालत निघालो. ऑलिव्हच्या झाडांमधून रस्ता होता. मावशींच्या पायांत कोल्हापुरी चपला, त्या करकर वाजत होत्या. मी सारखी घड्याळाकडे बघत होते, ते ओळखून त्या म्हणाल्या, "यष्टी चुकली तरी मी चालत खाली येतो. तू भिऊ नगंस."

त्या गावात एकच हॉटेल उघडं होतं, कॉफीचं. आत चार-पाच माणसं पत्ते खेळत होती. आम्ही दारात उभ्या राहिलो आणि पत्ते हातातच राहिले. मावशी सरळ गल्ल्यावरच्या जाड्या माणसाकडे गेल्या.

"ओ पावणं," त्या मराठीत म्हणाल्या, "माजं पोरगं हाय हितं. म्हशीच्या गोठ्यावर." आणि त्यांनी दोन्ही हातांनी शिंगं करून दाखवली, मग धार काढून दाखवली, मग छातीवर हात ठेवून पोराची उंची दाखवली. मी इंग्रजीत 'सन', 'इंडिया', 'बफेलो' म्हणत राहिले.

त्या माणसानं आमच्याकडे एकटक बघत फोन उचलला. तो हळू बोलला, आमच्याकडे बघत बोलला, आणि फोन ठेवल्यावर दारापाशी येऊन उभा राहिला. पत्तेवाल्यांतला एक जण उठून बाहेर गेला.

पोलिसांना बोलावलं असणार. गळ्यातल्या पिशवीत एवढ्या सगळ्यांचे पासपोर्ट, बरोबर एक बाई, भाषा येत नाही. काय समजतील? मी मावशींचा दंड धरला. "चला इथनं."

"का?"

"पोलीस येतील मावशी."

"येऊ देत. मी काय चोरी केलीया?" आणि त्या खुर्ची ओढून बसल्या. जाड्या माणसानं त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. तेसुद्धा मला आम्हाला अडकवून ठेवण्यासाठीच वाटलं.

बऱ्याच वेळानं बाहेर एक चिखलानं माखलेली छोटी गाडी थांबली. एक म्हातारा गोरा शेतकरी उतरला, आणि त्याच्यामागून गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला, दाढी वाढलेला एक पोरगा. तो दारात थबकला. त्याच्या अंगाला शेणाचा वास होता, अगदी आपल्याकडच्या गोठ्यातला.

मला वाटलं होतं, दोघं गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही.

"आई," तो म्हणाला, "तू हितं कशाला आलीस? कुनी धाडली तुला?"

"कोण धाडनार?"

"बाबांनी? का दौऱ्याच्या त्या एजंटानं?" मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "ह्या कोण? सरकारी हाईत व्हय?"

"म्याडम हाईत संघाच्या. माज्या मागनं आल्या."

"म्हंजे त्यास्नी म्हाईत झालं." तो एक पाऊल मागे सरला. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं की तो पळायच्या बेतात आहे. दिवसभर मी ज्या नजरेनं त्याच्या आईकडे बघत होते, त्याच नजरेनं तो माझ्याकडे बघत होता.

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हणाले. त्याला ते पटलं नाही. मला तरी कुठं पटलं असतं?

मावशींनी पिशवीची चेन उघडली. डबे एकेक करून कॉफीच्या टेबलावर मांडले. तो जाडा हॉटेलवाला आणि म्हातारा शेतकरी जवळ येऊन वाकून बघायला लागले. मावशींनी चटणीचा डबा उघडला आणि पोराकडे न बघता म्हणाल्या, "फोन का बंद केलास?"

पोरगं उभंच होतं. मग त्यानं टेबलावरचा पाव घेतला, चटणीत बुडवला, तोंडात घातला, आणि त्याचे डोळे भरले. तिखटानं की कशानं, कोण सांगणार.

"काय सांगायचं फोनवर?" तो म्हणाला. "जाताना भांडून गेलतो. म्हशीचं शेण काडायला मी जन्मलो न्हाय म्हनलो बाबांना. कंपनीत लागनार म्हनलो. आन् हितं येऊन..." त्यानं बूट पुढे करून दाखवले.

मावशींनी त्या बुटांकडे बघितलं. मग त्यांना हसू फुटलं. तोंडाला पदर लावला तरी थांबेना. "आरं, मग घरच्या म्हशी काय वंगाळ हुत्या?" तोही हसला. काही न कळता हॉटेलवालाही हसला. मीच काय ती हसले नाही, कारण माझं लक्ष गाडीच्या वेळेकडे होतं.

शेतकऱ्यानं आम्हाला गोठ्यावर नेलं. मावशींनी पदर खोचला, एका म्हशीच्या कासेला हात लावून बघितला आणि एका सडाला सूज आहे म्हणून पोराला झापलं. पोराचं झोपायचं ठिकाण बघितलं. चाऱ्याच्या कोठीशेजारी खोली, दोन खाटा, एक शेगडी, खिळ्याला टांगलेलं जाकीट. तिथं त्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "चल माज्यासंगं."

"न्हाय आई. आता गेलो तर परत येता यायचं न्हाय. कागदं न्हाईत. मालक म्हनतोय, मिळतील. थांब म्हनतोय."

"आन् न्हाय मिळाली तर?"

त्या मालकावर माझा काडीचा विश्वास नव्हता. कागदं नसलेला कामकरी कुणाला स्वस्त पडत नाही? मावशी मात्र पुन्हा 'चल' म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आवसेला आन् पुनवंला फोन करायचा. शेण काडत असशील तर शेण काडतोय म्हून सांगायचं."

शेतकऱ्यानं त्याच गाडीतून आम्हाला खाली सोडलं. चौकात बाजार उठला होता. कागदं आणि कोबीची पानं वाऱ्यावर फिरत होती, आणि कारंज्यापाशी संचालकसाहेब उभे होते. चेहरा लालबुंद.

"कुठं होता?"

वाटेत मी काहीच ठरवलं नव्हतं. मी म्हणाले, "बस चुकीची पकडली साहेब. डोंगरावर गेलो."

"आणि ही गाडी कुणाची?"

"त्या गावातल्या एकानं सोडलं."

साहेबांनी मावशींच्या हातातली रिकामी, चोळामोळा झालेली पिशवी बघितली. "सामान कुठं गेलं?"

"वाटंत भूक लागलती," मावशी म्हणाल्या. "खाल्लं."

साहेबांनी माझ्या गळ्यातली पासपोर्टांची पिशवी मागून घेतली. उरलेले दिवस ती त्यांच्याकडेच राहिली. जेवताना माझ्याशेजारी कुणी बसेना. मी बोलायला लागले की बोलणं थांबायचं. गटातले लोक काय समजले असतील, कोण जाणे. मी आणि मावशींनी मिळून कुणाला तरी काहीतरी पोचवलं, एवढं नक्की समजले.

निघायच्या सकाळी जागी झाले तर मावशींची खाट रिकामी. सामान नीट बांधून दाराशी ठेवलेलं, मावशी नाहीत. मी बाथरूम बघितलं, जिना बघितला. खाली बसमध्ये लोक चढत होते. राहिल्या, मी मनात म्हटलं. मला फसवून राहिल्या. आणि त्या क्षणी त्यांचं हसणं, ते डबे, सगळंच मला बनाव वाटायला लागलं.

साहेब मोजायला लागले होते तेव्हा मावशी गल्लीच्या तोंडातून येताना दिसल्या. हातात पाणी गळणारी प्लास्टिकची पिशवी, आत पांढरे चीजचे गोळे. पोरगा पहाटेची धार आटोपून सायकलवरून भेटायला आला होता, तो थांब्याशीच थांबला. मावशी बसमध्ये चढल्या, माझ्याशेजारी बसल्या आणि एक गोळा तोडून अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला.

"मीठ न्हाय गं ह्याला," त्या म्हणाल्या.

आम्ही गेलो होतो तेवढेच्या तेवढे परत आलो. तरीही साहेबांनी सचिवांना काहीतरी सांगितलं. मला पुन्हा कुठल्या दौऱ्यावर पाठवलं नाही. वर्षभरात फिरतीचं कामही काढून घेतलं आणि ऑफिसात बसवलं. कारण विचारलं तर सचिव म्हणाले, "तसं काही नाही मॅडम." संघ बंद पडेपर्यंत मी त्या माडीवरच होते. खरं काय ते सांगून टाकलं असतं तर कदाचित माझी सुटका झाली असती. पण तिकडे त्या पोराला कागदं मिळायची होती, आणि आमच्या ऑफिसातलं बोलणं राधानगरीच्या घाटापर्यंत पोचायला वेळ लागत नसे.

कागदं मिळाली, त्यालाही काही वर्षं गेली. मालक खोटा नव्हता. पोरगा महिनाभर घरी आला तेव्हा मावशींनी मला निरोप धाडला आणि मी यष्टीनं त्यांच्या गावी गेले. ताटात तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी, आणि मला मावशींनी चुलीशेजारी, स्वतःच्या पाटाला पाट लावून बसवलं. शेजारच्या बायका दारातून डोकावत होत्या, त्यांना ते दिसावं म्हणूनच की काय, त्या मोठमोठ्यानं बोलत होत्या. मावशींचे यजमान, ज्यांच्याशी पोरगा भांडून गेला होता, ते जेवताना एक शब्द बोलले नाहीत, पण त्याच्या ताटातली वाटी रिकामी होऊ देत नव्हते.

जेवण झाल्यावर पोरगा मोबाइल घेऊन घरामागच्या परड्यात गेला आणि तिकडच्या भाषेत हळू आवाजात बोलायला लागला. मावशींनी हातातलं भांडं ठेवलं आणि मला कोपरानं ढोसलं.

"रोज ह्या टायमाला बोलतोय. बाईमानूस हाय पलीकडं, आवाज येतोय. इचारलं तर म्हनतोय, मालक हाय." त्यांनी डोळे बारीक केले. "तू तिकडं दुभाषी पोरीसंगं बोलायचीस की. ऐक जरा, काय म्हनतोय."

"मला नाही येत ती भाषा मावशी."

"थोडी तर येत असंल. ऐक."

मी दाराआड उभी राहून ऐकलं. भराभर बोलत होता, हसत होता, मधेच लाजल्यासारखा गप्प व्हायचा. गोठ्यात म्हैस ओरडली, तर त्यानं फोन तिच्याकडे धरला. पलीकडून कुणीतरी खळखळून हसलं. ते हसणं काही म्हाताऱ्या मालकाचं नव्हतं.

"काय?" मावशींनी मागून माझा पदर ओढला. "काय म्हनतोय?"

"म्हशीचं सांगतोय," मी म्हणाले.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा विश्वास बसला नाही.